तापीचे पाणी, फादरांचा पाणलोट आणि भूमिहीनांचा वाटा

१० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी तापी महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. सातपुड्याच्या पायथ्याने कालवे काढायचे, तापीचे वाहून जाणारे पाणी त्यात सोडायचे आणि ते जमिनीत मुरवायचे, अशी ही योजना आहे. पाणी ३१.१३ टीएमसी. महाराष्ट्राच्या वाट्याला २ लाख ३४ हजार हेक्टरांवर क्षेत्राचा लाभ सांगितला जातो आणि त्यात जळगाव जिल्ह्याचा केळीपट्टा येतो. रावेर-यावलच्या ट्यूबवेल वर्षानुवर्षे खोल खोल जात आहेत, तेव्हा योजनेची गरज नाही असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

परंतु याच जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातील वाकडी गावात, जून २०१८ मध्ये मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारले गेले. त्यांचा गुन्हा काय? ती विहिरीत पोहली! चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्याला ९१ वर्षे उलटल्यानंतरची ही गोष्ट आहे. ज्या जिल्ह्यात विहिरीत उतरले म्हणून मुलांच्या अंगावरचे कपडे काढले जातात, त्या जिल्ह्यात ३१ टीएमसी पाणी जमिनीत मुरवल्यावर ते वर कोण काढणार, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

कायदा काय म्हणतो ते पाहा. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमापासून आपल्याकडे अशी समज रुजली आहे की, ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी. नदीतले पाणी सरकारचे, म्हणजे सर्वांचे. तेच पाणी सरकारी पैशाने कालव्यात घातले आणि बागायतदाराच्या शेताखाली मुरवले की ते त्याचे खाजगी होते! महाराष्ट्रात भूजलाचा २००९ चा कायदा आहे, तो २०१४ पासून अंमलात आहे, त्याने उपशावर बंधने घालता येतात. पण ज्याच्याकडे सातबाराच नाही अशा माणसाला तो घोटभरही पाणी देत नाही. केळीच्या बागेत वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार या सगळ्या हिशेबात कोठेच येत नाही.

हा अनुभव महाराष्ट्राने आधी एकदा घेतलेला आहे. तो घेतला कॅथलिक फादरांनी, नगर जिल्ह्यात. आमच्या वाचकांना वाटेल, फादरांचे येथे काय काम? काम आहे. नगर, नाशिक आणि खानदेश हा सारा मुलूख १९८७ पासून कॅथलिकांच्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो. खानदेशात त्यांची संख्या थोडी. नगरकडे गावोगाव ख्रिस्ती वस्त्या आहेत. या वस्त्यांतली माणसे कोण? बहुसंख्य पूर्वाश्रमीचे महार आणि मातंग. त्यांच्या आजोबांनी जातीच्या नरकातून सुटण्यासाठी आपल्या आधी एक वाट धरली, आपण १९५६ साली दुसरी धरली. रक्त तेच, आणि भूमिहीनताही तीच.

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर हर्मन बाखर स्वातंत्र्यानंतर लवकरच भारतात आले आणि नगर जिल्ह्यात स्थिरावले. सुरुवातीला विहिरी खोदणे, उपसा सिंचनाला मदत, दुष्काळात धान्यावर कामे, असा त्यांचा मार्ग होता. १९७२ च्या दुष्काळाने जे सर्वांना शिकवले ते त्यांनाही शिकवले: डोंगर उघडा असेल तर खालची विहीर कितीही खोदा, ती कोरडीच. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम आले. जर्मनीची मदत, नाबार्डची साथ आणि गावाचे श्रमदान यांतून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. १९९३ साली बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्यांचे गाजलेले गाव. टँकरवर जगणाऱ्या या गावात समतल चर, बांध आणि झाडे यांनी विहिरींना पाणी आणले. फादर बाखर २०२१ साली वारले. त्यांनी आयुष्य घातले, आणि ते दिखाव्यासाठी घातले नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. सरकारी जलयुक्त शिवारचे फलक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

आता दुसरी बाजू. पाणलोटाच्या कामात दोन अटी असतात, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. डोंगरावर गवत आणि झाड वाढू द्यायचे तर त्या लागतातच. पण गावाच्या डोंगरावर आणि गायरानावर शेळी कोण चारतो? ज्याच्याकडे जमीन नाही तो. काटक्या कोण आणते? जिच्या घरी गॅस नाही आणि शेतातला पऱ्हाटीचा भाराही नाही ती. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगराचे तेच. बंदीचा पहिला फटका या लोकांना बसतो आणि पाणी वाढल्याचा पहिला लाभ खालच्या अंगाला विहीर असलेल्याला मिळतो. जॉन केर यांनी भारतातील पाणलोट प्रकल्पांची पाहणी करून २००२ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्राचीही गावे होती. स्वयंसेवी संस्थांनी लोकसहभागातून केलेली कामे सरकारी कामांपेक्षा सरस ठरली, हे त्यात आहे. आणि भूमिहीन व पशुपालक यांना किंमत मोजावी लागली, हेही त्यात आहे. भूमिहीनाला काहीच मिळाले नाही असे नाही. कामे चालू होती तोवर मजुरी मिळाली, बागायत वाढली तसे मजुरीचे दिवस वाढले. म्हणजे काय झाले? मजुराला अधिक मजुरी मिळाली आणि मालकाला पाणी मिळाले. मजूर मजूरच राहिला, मालक बागायतदार झाला.

गमतीची गोष्ट अशी की, ज्यांच्या उद्धारासाठी फादर आले, त्या ख्रिस्ती वस्तीतली माणसेच जास्त करून या भूमिहीनांत मोडतात. ही बाखर यांच्या हेतूची चूक नाही. गावाला एकजिनसी मानण्याची ही चूक आहे, आणि ती गांधीवाद्यांनी केली, समाजवाद्यांनी केली, फादरांनीही केली. गाव म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी घटना समितीत सांगून ठेवले होते.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती बांधवांनाही एक गोष्ट तोंडावर सांगितली होती. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे त्यांचे भाषण झाले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयीचा आदर त्यांनी त्यात बोलून दाखवला आणि लगेच खडसावलेही. तुमच्यात शिक्षण आले, नोकऱ्या आल्या, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध समाज म्हणून तुम्ही कधी झगडला नाहीत. अडाणी अस्पृश्य झगडतो आहे, शिकलेला ख्रिस्ती आपल्या घरात मग्न आहे, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. चर्चच्या आतली जात तर वेगळीच. ती आहे, हे कबूल करून दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करायला भारतातील कॅथलिक बिशपांना डिसेंबर २०१६ उजाडावा लागला. आणि सरकार? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्त्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या. बौद्धांनी लढून १९९० साली केंद्राच्या सवलती मिळवल्या. ख्रिस्ती दलिताला त्या मिळाव्यात अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली केली, तरी ती धूळ खात पडली.

मग १९३८ चा तो ठपका कायमचाच का? नाही. त्याला एक उत्तर मिळाले, आणि ते आपल्याच भीमा कोरेगावच्या प्रकरणात मिळाले. फादर स्टॅन स्वामी हे जेझुइट. झारखंडमध्ये आदिवासींचे जल, जंगल, जमीन, विनाकारण तुरुंगात टाकलेल्या आदिवासी तरुणांची मोजदाद, पाचव्या अनुसूचीची अंमलबजावणी, हे त्यांचे काम. ज्या कोरेगावच्या विजयस्तंभाला आपण दरवर्षी १ जानेवारीला वंदन करतो, तेथे २०१८ साली आपल्या लोकांवर दगड पडले आणि त्या प्रकरणाच्या नावाखाली ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून या ८३ वर्षांच्या, कंपवाताने हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला उचलले गेले. पाणी पिण्याच्या नळीसाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, कोठडीतच, त्यांचा मृत्यू झाला. पर्यावरण म्हणजे झाडे लावणे एवढेच असते तर स्टॅन स्वामींना कोणी हात लावला नसता. जमीन कोणाची, असे त्यांनी विचारले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले. निसर्गाचा विध्वंस आणि गरिबांची पिळवणूक ही एकाच दुखण्याची दोन अंगे आहेत, असे त्याचे सार. तेव्हापासून जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ अधिक जोमाने पाळला जातो, झाडे लावली जातात, प्रवचने होतात. एप्रिल २०२५ मध्ये हे पोप वारले. त्यांच्या या मांडणीत आंबेडकरी माणसाला परके वाटावे असे काही नाही. प्रश्न एवढाच की, तो 'गरीब' खानदेशात आणि नगरमध्ये कोणत्या जातीचा आहे, हे सांगायला परिपत्रक पुरे पडत नाही.

हितसंबंध आडवे आले की धर्माज्ञा कशी वाकते, याचा नमुना केरळात दिसला. पश्चिम घाटावरील गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. इडुक्कीत या दोन्हींविरुद्ध जे आंदोलन उठले त्याच्या पाठीशी तेथील कॅथलिक चर्च उभे होते, आणि २०१४ साली त्या आंदोलनाच्या पाठिंब्यावर खासदारही निवडून आला. चर्चचे लोक तेथे डोंगरउतारावरचे जमीनधारक शेतकरी. उलट आपल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समिती उभारून बिल्डर आणि टँकरवाल्यांना अंगावर घेतले. 'सुवार्ता'चे संपादक, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेले दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये गेले. त्यांचे धाडस खरेच मोठे. पण तेथेही माणसे आपल्या केळीच्या वाड्या, आपल्या विहिरी राखायला रस्त्यावर आली होती, हे विसरू नये. वसईने जमीन असलेल्यांचे पर्यावरण राखले, इडुक्कीने जमीन असलेल्यांसाठी पर्यावरण नाकारले. जमीन नसलेल्याचे पर्यावरण अजून लिहिले जायचे आहे.

खानदेशात तर चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या कोकणा आदिवासींनी चैत्राम पवारांच्या पुढाकाराने जंगल राखले, त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. सन्मान रास्त आहे. तेथे वनवासी कल्याण आश्रम उभा आहे म्हणून ते 'राष्ट्रकार्य', आणि शेजारी नंदुरबारमध्ये जेझुइटांचे जनसेवा मंडळ आदिवासी शेतकऱ्यांत काम करते ते 'धर्मांतर', असा न्याय मात्र आम्हाला मान्य नाही. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत धुळे-नंदुरबारच्या अनधिकृत चर्चचा विषय निघाला आणि महसूलमंत्र्यांनी ती पाडण्याचे आश्वासन दिले. अनधिकृत मंदिरे मोजायला हे सभागृह किती वेळा बसले? त्याच धुळे जिल्ह्यात विखरणचे धर्मा पाटील, ऐंशी ओलांडलेला शेतकरी, वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकले आणि जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्याले. ज्याच्याकडे सातबारा होता त्याची ही गत. साक्रीच्या वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या, तेव्हा ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याकडे तर कागदही नव्हता.

मग भूमिहीनाला पाणी मिळूच शकत नाही काय? मिळू शकते. विलासराव साळुंखे यांनी १९७४ साली पुरंदर तालुक्यातील नायगावातून पाणी पंचायत सुरू केली. तेथे पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटले गेले, उसाला बंदी घातली गेली आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मानला गेला. सांगली जिल्ह्यात तांदुळवाडीच्या बळीराजा धरणानेही भूमिहीनांना वाटा दिला. असे पाणी भूमिहीन वाटेकऱ्याला देऊन पीक घेऊ शकतो, विकू शकतो. ते त्याचे भांडवल होते. पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवता येतो, हे महाराष्ट्राच्याच मातीत सिद्ध झाले आहे.

दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात १९५९ साली खानदेशची माणसे तुरुंगात गेली. त्यांच्या नातवंडांपुढे आज तापीचा करार आहे. कालवा कोणत्या गावांच्या गायरानांवरून आणि वनहक्काच्या दाव्यांवरून जाणार, याचे नकाशे ग्रामसभेत मांडले गेले पाहिजेत. १९९० पूर्वीची जी गायरान अतिक्रमणे दलित-आदिवासींच्या नावे करण्याचा १९९१ चा शासननिर्णय आहे, ती प्रकरणे कालव्याचे भूसंपादन सुरू होण्याआधी निकाली निघाली पाहिजेत, नाहीतर मोबदल्याच्या यादीत आपले नाव नसेल. पुनर्भरणामुळे जे पाणी वाढेल त्याचा ठराविक हिस्सा भूमिहीन कुटुंबांच्या गटांच्या नावे बांधला गेला पाहिजे, आणि त्यासाठी भूजलाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली पाहिजे. या मागण्यांसाठी भुसावळ-जळगावच्या चर्चमधल्या आपल्या भावाबहिणींना आणि त्यांच्या फादरांना बैठकीचे बोलावणे धाडायला हरकत नाही. पाणलोटाची मोजमापे त्यांच्या संस्थांकडे आहेत, गायरानाचे दावे आपल्याकडे आहेत. वाकडीच्या त्या विहिरीपासून दोघांचीही घरे फार लांब नाहीत.