सवाल-जवाब चार बाणांचा
‘फ्रायडे नाइट फंकिन’ हा व्यंगचित्रांच्या ढंगातला गेम २०२० च्या ऑक्टोबरात ‘लुडम डेअर’ या गेम बनवण्याच्या स्पर्धेसाठी अवघ्या काही दिवसांत उभा राहिला. निळ्या केसांच्या पोराने प्रेयसीच्या बापाला रॅपमध्ये हरवायचं, खेळणाऱ्याने चार बाणांच्या कळा नेमक्या ठेक्यावर दाबायच्या, गोष्ट एवढीच. तरी २०२१ मध्ये पूर्ण गेम व्हावा म्हणून चाहत्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वीस लाखांहून अधिक डॉलर ओतले. मागितले होते साठ हजार! पुढचा मोठा भाग यायला मात्र २०२४ चा एप्रिल उजाडला आणि खेळणाऱ्यांचा सूर बदलला. पैसे घेतल्यावर एवढी वाट पाहायला लावायची का, ही त्यांची तक्रार रास्तच आहे. दरम्यान, कोड सर्वांना खुला असल्याने चाहत्यांनी स्वतःच नवी गाणी, नवे प्रतिस्पर्धी रचले; अनेकांना तर हे ‘मॉड’च मूळ गेमपेक्षा सरस वाटतात. पण त्यांतल्या कित्येकांत बाणांचा असा पाऊस पडतो की बोटं पळतात आणि कान मागे राहतात. मूळ गाण्यांत प्रतिस्पर्धी आधी गातो, मग त्याच चालीला उत्तर द्यायचं असतं. गेमचा संगीतकार कावाई स्प्राइट याच्या संगीतातला हा सवाल-जवाब वेगापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.