विश्लेषण : सुईपुढे भिरभिरे का कामाला येते?

राजूरला अंगारकीच्या गर्दीत घेतलेले भिरभिरे बालकर्करोगाच्या वॉर्डातही उपयोगी पडते. इथल्या एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, तर छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. मुलांमधल्या नेहमीच्या प्रकारात उपचार २-३ वर्षे चालतात. सुयांची तर मोजदादच नाही.

सुई टोचताना सिस्टरने भिरभिऱ्यावर फुंकर मारायला लावली की श्वास लांबतो, लक्ष हटते, वेदना कमी जाणवते. ‘दुखणार नाही’ ही थाप मात्र नको. पुढच्या वेळी मूल विश्वास ठेवत नाही.

आणि विनोद? इटलीतील ४० मुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी सोबत विदूषक असलेल्या मुलांची भीती कमी होती. गंमत अशी, की फायदा मान्य करूनही बहुतेक कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियागृहात विदूषक नको होते. कामात अडथळा! त्यापेक्षा रोजच्या सिस्टरचा खेळ बरा. पण एकीकडे खाटा वाढल्या, की आधी खेळच बंद होतो.

केमोनंतर प्रतिकारशक्ती घटते. म्हणून भिरभिरे ज्याचे त्यालाच द्यावे. केसाळ टेडीऐवजी धुता येणारी खेळणी घ्यावीत. लहानग्यांना फुगा देऊ नये. फुटलेला तुकडा घशात अडकू शकतो.