वडिलांना हवं होतं आडनाव

‘मुलगा नाही, मग घराण्याचं नाव कोण चालवणार?’ आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीतच हा प्रश्न सुरू होतो. हाच घोर चीनमधून अमेरिकेला गेलेल्या एका वडिलांनाही होता. चंग दांपत्याला चीनमध्ये नऊ मुलं झाली. पाच तान्हेपणीच गेली, तिन्ही मुलगे त्यांतलेच. उरलेल्या चार मुलींना घेऊन हे कुटुंब १९४५ मध्ये वॉशिंग्टनला पोचलं. १९४६ मध्ये दहावं अपत्य झालं. पुन्हा मुलगीच! तीच कॉनी चंग. पुढे ती बातमीदारी करू लागल्यावर वडिलांनी तिला पत्र लिहिलं, चंग हे नाव आता तूच पुढे ने.

१९६९ मध्ये पत्रकारितेची पदवी घेऊन ती वॉशिंग्टनच्या एका स्थानिक वाहिनीत पडेल ते काम करायला लागली. १९७१ मध्ये सीबीएसने तिला घेतलं. बायकांनाही नोकऱ्या द्या, असा वाहिन्यांवर तेव्हा सरकारी दबाव होता, म्हणून दार किलकिलं झालं. आत सगळे पुरुष. कुणी टिंगल करायच्या आत ती स्वतःच आपल्या चिनी असण्यावर विनोद करून मोकळी व्हायची. मला हे वाचून हसू नाही आलं. किती जणींना अजूनही असंच करावं लागतं!

१९७६ मध्ये ती लॉस एंजेलिसच्या स्थानिक केंद्रावर बातम्या द्यायला गेली आणि सात वर्षं राहिली. तिच्याबद्दल लिहिणारे ही वर्षं भराभर ओलांडतात. मला तीच मोलाची वाटतात. दिल्लीचा वार्ताहर कधीमधी दिसतो, पण आपल्या गावच्या बातम्या देणारी बाई रोज संध्याकाळी घरात येते. आपण भाजी निवडत तिचं ऐकतो, तिचे केस, तिचा आवाज ओळखीचा होतो. आशियातून आलेल्या कितीतरी कुटुंबांच्या त्या शहरात, आपल्यासारख्या चेहऱ्याची बाई अस्खलित इंग्रजीत सगळ्या गावाला बातम्या सांगते, हे रोज दिसणं ही लहान गोष्ट नव्हती.

१९९३ मध्ये सीबीएसच्या मुख्य राष्ट्रीय बातमीपत्रात डॅन रादर यांच्या शेजारी तिला जागा मिळाली. बार्बरा वॉल्टर्सनंतर अशा जागी बसलेली ती दुसरीच बाई, आशियाई वंशाची पहिलीच. पण खुर्ची अर्धीच. १९९५ मध्ये एका राजकारण्याच्या आईला ‘आपल्या दोघींतच’ म्हणून बोलतं केलं आणि ते दाखवलं, त्यावर टीका झाली. ती चूकच, माझ्या मते. पण मे महिन्यात खुर्ची गेली ती तिचीच. रादर तिथेच राहिले. जूनमध्ये तिनं बाळ दत्तक घेतलं. त्याला आडनाव लागलं नवऱ्याचं, पोविच.

आणि वडिलांचं पत्र? २०२३ मध्ये कॉनी वांग या पत्रकार मुलीनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, की अमेरिकेतल्या तिच्या पिढीच्या कितीतरी आशियाई मुलींचं नाव कॉनी आहे. परक्या देशात लेकीला काय नाव द्यावं, असा विचार करणाऱ्या आयांना टीव्हीवरची ती बाई आठवली होती. यातल्या कित्येक जणींसोबत चंग यांनी फोटोही काढून घेतला. २०२४ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं. त्याचं नाव ‘कॉनी’.