घेणाऱ्याचेही नाव गुप्त राहावे

बारावीचे निकाल लागले की समाजाच्या सभागृहांतून गुणगौरवाचे सोहळे होतात. नव्वद टक्क्यांवरील विद्यार्थ्यास शाल, श्रीफळ आणि पाच हजारांचा धनादेश मिळतो. ज्याच्या घरची चार दुकाने आहेत त्यालाही तेवढाच, आणि ज्याचे वडील दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहितात त्यालाही तेवढाच. कौतुक म्हणून हे योग्यच. त्यास शिष्यवृत्ती म्हणणे मात्र कठीण.

कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी प्रारंभ केला तो गरजेपासून. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि ‘कमवा व शिका’ हा मार्ग पदवीच्या वर्गांपर्यंत पोहोचला.

आज राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे निम्मे शिक्षण शुल्क मिळते; विहित प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून संपूर्ण. खोली आणि खानावळ उरतेच. शुल्काची सवलत वजा जाता वर्षाचा खर्च समजा १,२०,००० रुपये आला आणि घरातून ७०,००० निघू शकले, तर तूट ५०,००० ची. पाच हजारांनी ती भरत नाही. तेच पन्नास हजार दहा जणांत वाटले, तर कदाचित एकाचेही शिक्षण वाचत नाही. व्यापाऱ्यास हे गणित समजावून सांगावे लागू नये.

खरी अडचण निराळी आहे. व्यापारी घराला पत जपावी लागते. उधारी अडकली, देणी वाढली, तरी बाजारास त्याचा सुगावा लागू देता येत नाही. मग प्रवेश मिळालेल्या मुलीला परगावी न धाडता गावातच शिकायला सांगितले जाते, आणि कारण कोणी विचारीत नाही. व्यासपीठावरून नाव पुकारून दिलेली मदत असे घर घेणार नाही. गुप्तदानाची चाल समाजात जुनी आहे. पण त्यात गुप्त राहतो तो देणारा.

विश्वस्तांपैकी दोघांनीच अर्ज पाहावेत, घराचा जमाखर्च आणि कर्ज दोन्ही विचारावे, रक्कम महाविद्यालयाच्या व वसतिगृहाच्या खात्यात परस्पर भरावी. आणि ती प्रवेशाच्या मुदतीपूर्वी भरावी. गुणगौरवाचा सोहळा दिवाळीनंतर झाला तरी चालण्यासारखे आहे.