सगळे स्लिम लॅपटॉप सारखेच दिसतात, मग ती चोरी आहे का?



चार कंपन्यांचे स्लिम लॅपटॉप बंद करून काउंटरवर ठेवा आणि लोगोवर चिकटपट्टी लावा. कुठला कुणाचा हे ओळखताना रोज विकणारा माणूसही एखाद्या वेळी चुकेल. चंदेरी ॲल्युमिनियमची बॉडी, मागे जाड आणि पुढे निमुळती, आत काळी सुटी-सुटी बटणं. म्हणून आमच्या पनवेलच्या बॅचमध्ये हा प्रश्न हमखास येतो: "सर, हे सगळे ॲपलची कॉपी आहेत ना? एवढ्या मोठ्या कंपन्या कॉपी करतात, मग आपण केली तर काय बिघडलं?"

प्रश्नाचा पहिला भाग गमतीचा आहे, दुसरा महागात पडणारा. कारण विचारणारा काही लॅपटॉप बनवणार नसतो. त्याच्या डोक्यात मसाल्याचं पाकीट असतं, पाण्याची बाटली असते, नाहीतर एलईडी दिव्याची बॉडी. हातात दोन-तीन लाखांचं भांडवल, आणि त्यात बरेचदा घरातलं सोनं गहाण पडलेलं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काम उचला, चेहरा उचलू नका. आता हे असं का म्हणतो ते बघू.

आधी लॅपटॉपची गोष्ट

१५ जानेवारी २००८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्सने ऑफिसातल्या साध्या खाकी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. सगळ्यात जाड जागी सुमारे १९ मिलिमीटर, पुढच्या कडेला फक्त ४ मिलिमीटर. किंमत १,७९९ डॉलर. डीव्हीडी ड्राइव्ह काढूनच टाकलेला.

पण पातळ लॅपटॉप हा ॲपलचा शोध नव्हता. त्याआधी चारेक वर्षं सोनीने वायो एक्स ५०५ काढला होता, तोही पातळ आणि निमुळता. जॉब्सने स्टेजवर तुलना केली तीही सोनीच्याच टीझेड मालिकेशी. म्हणजे कल्पना बाजारात होती. ॲपलने ती नीट बसवली आणि २०१० मध्ये ११ इंची एअर ९९९ डॉलरला आणून ती जास्त लोकांच्या आवाक्यात नेली.

मग २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' हे नाव पुढे आणलं, ३० कोटी डॉलरचा फंड जाहीर केला आणि लॅपटॉप कंपन्यांना जाडी साधारण २१ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितलं. एसर, असूस, लेनोवो, तोशिबा सगळे उतरले. आणि सगळ्यांचे लॅपटॉप एअरचे चुलतभाऊ दिसायला लागले.

यातला किती भाग कॉपी म्हणायचा? जरा विचार करा. चिप एकाच कंपनीची. बॅटरी चपट्या सेलची. डीव्हीडी ड्राइव्ह नाही. बॉडी पातळ असूनही वाकता कामा नये, म्हणून धातू. जास्त जागा लागणारे भाग मागे बिजागरीकडे आणि चपटी बॅटरी पुढे, म्हणून आकार निमुळता. एवढ्या अटी सारख्या असल्या की उत्तरही जवळपास सारखंच येणार. प्रत्येक वडापाववाल्याचा वडा गोलच असतो, म्हणून कोणी कोणाचा वडा चोरला असं आपण म्हणत नाही.

तरी सगळंच कामातून आलेलं नव्हतं. लॅपटॉप चंदेरीच हवा असं कुठलंही यंत्र सांगत नाही. चंदेरी पाटीवर काळीच बटणं हवीत, असंही नाही. हा झाला चेहरा. लेनोवोकडे थिंकपॅड होता. १९९२ पासून काळी चौकोनी पेटी आणि कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपका. त्यांनी तोही पातळ केला, पण चेहरा बदलला नाही. आजही लोगो झाकला तरी थिंकपॅड ओळखू येतो. असूसने झेनबुकमध्ये निमुळता आकार घेतला, पण झाकणावर धातूत एकात एक वर्तुळं कोरली. उन्हात धरलं की ती चमकतात. आकाराबद्दल वाद घाला हवं तर, पण त्या झाकणाला कोणी ॲपलचं म्हणणार नाही.

ज्यांनी रंग, बटणं, कडा सगळं जसंच्या तसं घेतलं त्यांच्याकडे गिऱ्हाइकाला सांगायला एकच गोष्ट उरली: "तसाच आहे, पण स्वस्त." आणि स्वस्तात उद्या दुसरा कोणी आणखी दोन हजारांनी खाली येतोच. वर २०२२ मध्ये ॲपलने स्वतःच निमुळता आकार सोडला आणि एअर सपाट केला. ज्याचा चेहरा उचलला तोच चेहरा बदलून मोकळा झाला!

हे आपल्याकडेही झालंय

अमेरिका लांब राहिली. आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्हिडिओकॉनचं उदाहरण घ्या. व्हर्लपूलचं 'एस' नावाचं वॉशिंग मशीन होतं. नेहमीच्या चौकोनी खोक्यासारखं नाही, एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने फुगीर. हा आकार व्हर्लपूलने डिझाइन कायद्याखाली नोंदवून ठेवला होता. नंतर व्हिडिओकॉनचं 'पेबल' आलं आणि व्हर्लपूल मुंबई उच्च न्यायालयात गेली.

व्हिडिओकॉनचं म्हणणं साधारण तुमच्या-माझ्यासारखंच होतं. आमचंही डिझाइन नोंदवलेलं आहे. तो आकार कामासाठी लागतो. आणि बघा, बारीकसारीक फरक आहेत. २०१४ मध्ये न्यायालयाने हे मान्य केलं नाही आणि व्हर्लपूलच्या बाजूने मनाईचा आदेश दिला. निकालातून आपण घ्यायच्या गोष्टी दोन. डिझाइनमध्ये तुलना डोळ्यांनी होते, फूटपट्टीने नाही. आणि आपणही नोंदणी केली आहे म्हणून आपोआप सुटका होत नाही.

मशीनवर ठळक अक्षरात 'व्हिडिओकॉन' लिहिलेलं असतं, ते व्हर्लपूल समजून कोण घेईल, असं तुम्ही म्हणाल. इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. डिझाइनच्या कायद्यात गिऱ्हाईक फसलं का हा मुख्य प्रश्नच नाही. नोंदवलेला चेहरा तुम्ही वापरला का, एवढंच बघतात.

गिऱ्हाईक फसण्याचा प्रश्न येतो तो नाव, लेबल आणि पाकिटाच्या बाबतीत. त्यासाठी मुंबईचंच जुनं उदाहरण आहे, पार्लेचं. पार्ले ग्लुको बिस्किटांच्या वेष्टणावर मधोमध एक मुलगी, भोवती गायी आणि कोंबड्या, मागे शेतावरचं घर असं चित्र होतं. म्हैसूरच्या एका कंपनीने आपल्या बिस्किटांवर मुलगी, गायी, कोंबड्या आणि घर छापलं. फरक होते. एकीच्या हातात पाण्याची बादली, दुसरीच्या डोक्यावर गवताचा भारा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७२ मध्ये पार्ले जिंकली. न्यायालयाचा मुद्दा असा होता की गिऱ्हाईक दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजत बसत नाही. एकूण छाप सारखी असली की नेहमीचं गिऱ्हाईक एकाच्या जागी दुसरा पुडा उचलू शकतं.

"सर, मी रंग तोच ठेवलाय पण अक्षर बदललंय" असं मला सांगणाऱ्यांनी हा निकाल दोनदा वाचावा.

मग कॉपी ओळखायची कशी?

मी बॅचमध्ये तीन प्रश्न विचारायला लावतो.

१. हा आकार कामासाठी लागतो का? बाटलीला तोंड लागतं, चाकाला गोलाई लागते. जे काम करतं ते शिकून घ्या. अर्थात त्या कामावर कोणाचं पेटंट नाही ना, हे बघून घ्या. पण बाटलीच्या अंगावरची लाट फक्त दिसायला असेल, तर ती दुसऱ्याची आहे.

२. नाव झाकलं तर माल कोणाचा वाटतो? पाच अनोळखी माणसांना विचारा. घरच्यांना विचारू नका, ते "छान आहे" एवढंच म्हणतील. पाचांपैकी दोघांनीही त्या मोठ्या कंपनीचं नाव घेतलं तर पाकीट छापायला देऊ नका.

३. 'तसाच, पण स्वस्त' याशिवाय सांगायला काय आहे? काहीच नसेल तर कायदा राहू द्या, धंदाच कच्चा आहे.

"पण सर, आमच्याकडे डिझायनरला पैसे नाहीत"

हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. धंदा शिकताना प्रत्येक जण कोणाचं तरी बघूनच शिकतो. शिवणकाम शिकणारी ताई दुसऱ्याच्या ब्लाउजवरूनच माप घेते. काही ट्रेनर तर सरळ सांगतात की डोकं लावू नका, चालणारा माल बघा आणि तसाच काढा. सुरुवातीला त्यातून विक्री होतेही. मोठ्या ब्रँडसारखं पाकीट दिसलं की हात आपोआप जातो.

पण हिशोब पुढचाही मांडा. तळोजा एमआयडीसीत डाय बनवून घेतला, त्याचे पैसे गेले. दहा हजार पाकिटं छापली. दिवाळीचा माल भरला. आणि वकिलाची नोटीस आली. कायद्यातला ठरलेला दंड ऐकायला मोठा नाही. नोंदवलेलं डिझाइन चोरलं तर एका उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,०००. समोरच्याने नुकसानभरपाई मागितली तर ती वेगळी गोष्ट. पण छोट्या माणसाला खरा फटका बसतो तो विक्री थांबवण्याच्या आदेशाचा. डाय भंगारात, पाकिटं रद्दीत, आणि दुकानदाराचा तुमच्यावरचा विश्वास गेला तो वेगळाच. मोठी कंपनी असा फटका खाऊन पुढचं मॉडेल आणते. आपलं पुढचं मॉडेल म्हणजे पुढचं कर्ज.

जे फक्त विकतात त्यांनीही ऐका. माल नक्कल आहे हे माहीत असून तो विक्रीला मांडला, तर डिझाइन कायद्यात विकणाराही अडकतो. "मी तर होलसेलवाल्याकडून घेतला" हे उत्तर प्रत्येक वेळी पुरत नाही.

आणि वेगळा चेहरा करायला लाखो रुपये लागत नाहीत. असूसने झाकणावर वर्तुळं कोरली. तुम्ही पाकिटाला एक ठराविक रंग घ्या जो त्या फळीवर दुसऱ्या कोणाचा नाही. झाकणाचा आकार बदला. मसाल्यावर आगरी घरातली पद्धत असेल तर ती ठळक लिहा. गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा येताना "ते हिरव्या झाकणाचं द्या" म्हटलं की झाली तुमची ओळख.

आणि तुमचाच माल कोणी उचलला तर?

इथे आपली माणसं सगळ्यात ढिली पडतात. नवीन बाटली बनवली की पहिलं काम काय? फोटो काढून व्हॉट्सॲप स्टेटस. तिथेच घोळ होतो. डिझाइन नोंदवायचं असेल तर ते नवीन असावं लागतं. आधीच जगजाहीर केलं तर नोंदणी अडचणीत येऊ शकते. म्हणून आधी अर्ज, मग स्टेटस.

अर्ज ऑनलाइन होतो. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला सरकारी फी १,००० रुपये आहे. संरक्षण १० वर्षं, पुढे आणखी ५ वर्षं वाढवता येतं. "माझा कॉपीराइट आहेच की" या भरवशावरही राहू नका. नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि कारखान्याच्या पद्धतीने त्याचे ५० पेक्षा जास्त नग काढले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. नाव आणि लोगोसाठी ट्रेडमार्क वेगळा. त्याची ऑनलाइन फी एका वर्गाला व्यक्ती किंवा छोट्या उद्योगासाठी ४,५०० रुपये. वकिलाची फी यात धरलेली नाही.

डायवर हजारो रुपये घालणारा माणूस या हजार रुपयांना का-कू करतो, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा 'मोठ्या कंपन्या पण कॉपी करतात' हे वाक्य आजपासून बंद. त्यातल्या शहाण्या कंपन्यांनी पातळपणा घेतला आणि चेहरा स्वतःचा ठेवला. नुसता चेहरा घेणाऱ्यांच्या हातात भाव पाडण्यापलीकडे काही उरलं नाही. आपल्याकडे भाव पाडायला मुळात मार्जिनच किती असतं?

या आठवड्याचं काम: तुमच्या मालातल्या तीन गोष्टी लिहा ज्या कामासाठी आहेत, आणि एक गोष्ट लिहा जी फक्त तुमची आहे. ती एक गोष्ट सापडली नाही तर प्रिंटरला फोन करू नका, आधी मला कमेंटमध्ये लिहा. मिळून शोधू.