शाळेच्या लायब्ररीचे पैसे कुणी कापले? कुणीच नाही, तरी कमी झाले

पाच हजार रुपये. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला जास्तीत जास्त एवढे पैसे मिळू शकतात. केंद्राची समग्र शिक्षा योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा हा आकडा ठरला. शाळा बारावीपर्यंत असेल तर ही मर्यादा २० हजारांपर्यंत जाते. २०२१ मध्ये योजनेला २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली, पण ५ ते २० हजारांची ही चौकट तशीच राहिली.

आता साधा हिशेब करू. पुस्तकांच्या किमती वर्षाला ५ टक्क्यांनी वाढल्या असं धरलं, तर २०१८ मधल्या पाच हजारांत जेवढी पुस्तकं यायची, तेवढ्यासाठी २०२५ मध्ये सात हजार लागतात. उलटं बघायचं तर आजच्या पाच हजारांची किंमत साडेतीन हजारांच्या आसपास उरते. कपातीचा आदेश निघालेला नाही, त्यामुळे बातमीही झालेली नाही. शाळेत नवी पुस्तकं मात्र दरवर्षी थोडी कमी येतात. 'जास्तीत जास्त' हा शब्दही लक्षात ठेवायला हवा. ही कमाल मर्यादा आहे, दरवर्षी हमखास मिळणारी रक्कम नाही.

मग दुसरीकडून पैसे वळवता येत नाहीत का?

शाळेला पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदानही मिळतं. पण विजेचं बिल, किरकोळ दुरुस्ती, खडू, स्टेशनरी असं सगळं त्यातूनच भागवायचं असतं. शिवाय त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी राखून ठेवावा लागतो. वीज तोडायची नोटीस समोर असताना कुठला मुख्याध्यापक गोष्टींची पुस्तकं घेईल?

खासगी अनुदानित शाळांचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार याच शाळांवर आहे आणि समग्र शिक्षाचं ग्रंथालय अनुदान सरकारी शाळांसाठी आहे. अनुदानित शाळांनी पुस्तकांचा खर्च वेतनेतर अनुदानातून भागवायचा, आणि हे अनुदान तर मध्ये काही वर्षं बंदच होतं. ग्रंथपालाचं पदही पटसंख्येवर ठरतं. त्यामुळे अनेक ठिकाणी ग्रंथपाल अर्धवेळ असतो, आणि लहान शाळांमध्ये तर नसतोच.

कागदावर लायब्ररी असतेच

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत. पण शाळांची माहिती जिथे भरली जाते, त्या यूडायस प्लसमध्ये ग्रंथालय, पुस्तकपेढी आणि वाचनकोपरा एकाच रांगेत बसतात. ऑफिसातल्या कुलूपबंद कपाटावरही तिथे 'आहे' अशी खूण होऊ शकते.

कपाटाला कुलूप का लागतं, हे शिक्षकांना विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर जबाबदारी कुणाची? दाखल नोंदवहीत चढलेलं पुस्तक कमी करायचं म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव, सह्या आणि वर तपासणीत प्रश्न. नवी पुस्तकं मिळण्याची खात्री नसेल तर आहेत ती जपण्याकडेच कल जातो. म्हणजे पैसे आटले की नवी पुस्तकं थांबतातच, पण जुनीही मुलांच्या हातात येईनाशी होतात. हे दुसरं नुकसान कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

आहे त्यात काय करता येतं?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पुस्तकं फिरवणं. एका केंद्रात दहा शाळा आहेत आणि प्रत्येकीने शंभर रुपयांची तीच पन्नास पुस्तकं घेतली, असं समजा. पन्नास हजार खर्च होऊनही प्रत्येक मुलासमोर पन्नासच पुस्तकं येतात. दहा शाळांनी वेगवेगळी पन्नास घेतली आणि महिन्याला पेट्या अदलाबदल केल्या, तर त्याच पैशात पाचशे. केंद्रातले शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र येतातच, पेटीही तिथेच बदलता येईल. अट एकच, यादी ठरवायचा अधिकार शाळांकडे हवा. वरून एकच संच सगळ्यांना आला तर फिरवायला काही उरतच नाही.

दुसरा रस्ता फुकट पुस्तकांचा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत आणि त्या छापून वाटायलाही परवानगी आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. पण घरातला एकुलता एक मोबाइल दिवसभर वडिलांसोबत शेतावर किंवा कामावर असतो, तिथे हे साहित्य मुलापर्यंत पोहोचणार कसं? म्हणून गोष्टींच्या प्रिंट काढून, स्टेपल करून वर्गात दोरीवर लटकवणं जास्त कामाचं.

तिसरा रस्ता देणग्यांचा, आणि इथे जरा कटू बोलायला हवं. 'पुस्तकं दान करा' अशी पोस्ट फिरली की जुनी गाइडं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि घरात नकोशी झालेली रद्दी शाळेत येऊन पडते. दुसरीतल्या मुलीला त्याचा काय उपयोग? ज्यांना खरंच मदत करायची आहे त्यांनी आधी शाळेकडून यादी मागवावी. पाठवायचा खर्चही फार नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू केली, तिचे दर २० रुपयांपासून आहेत आणि पाच किलोचं पाकीट १०० रुपयांत जातं. कर वेगळा.

पालकांच्या हातात काय आहे?

वाटतं त्यापेक्षा बरंच. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार ७५ टक्के सदस्य पालक असतात. अनुदान कसं वापरलं यावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम आहे आणि शाळा विकास आराखडाही तीच बनवते. ग्रंथालयाचे किती पैसे आले, कधी आले आणि कुठली पुस्तकं घेतली, हे प्रश्न बैठकीत विचारून इतिवृत्तात नोंदवून घेता येतात. पुस्तकांची मागणी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही टाकता येते, फक्त ती ग्रामसभेत मांडावी लागते. फाटलेल्या पुस्तकांची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असा ठराव समितीने केला तर कपाट उघडायला त्यांनाही आधार मिळतो. या ठरावाला एक रुपयाही लागत नाही.