आठ जणांना शिव्या देऊन काय होणार?

अमेरिकेत रिपब्लिकन स्पीकर मॅकार्थींना त्यांच्याच पक्षाच्या आठ बंडखोरांनी पाडलं, हे रडगाणं आता पुरे. जानेवारी 2023 मध्ये त्या खुर्चीसाठी 15 वेळा मतदान झालं. आणि बंडखोरांना कबूल काय केलं? एकटा खासदारही स्पीकर हटवण्याचा ठराव आणू शकेल! 3 ऑक्टोबरला तेच झालं, 216 विरुद्ध 210. डेमोक्रॅट्सनीही मजेत हात धुवून घेतले. मॅकार्थींचा गुन्हा काय, तर डेमोक्रॅट्सची मतं घेऊन सरकार बंद पडू दिलं नाही. एक शहाणपणाचं काम केलं, त्याचीच शिक्षा.

पण पुढचं बघा. पक्षाच्या बैठकीत स्कॅलिस 113 विरुद्ध 99 ने जिंकले आणि दुसऱ्याच दिवशी माघार! हरलेल्या बाजूच्या अनेकांनी निकाल मानलाच नाही. मग जॉर्डन सभागृहात तीनदा पडले. एमर तर काही तासच टिकले. ही काय आठ जणांची करामत होती?

जॉन्सन निवडून येईपर्यंत 22 दिवस सभागृह ठप्प, आणि 17 नोव्हेंबरला सरकारचा पैसा संपणार होता. पगार अडकले असते सैनिकांचे, कर्मचाऱ्यांचे. खासदारांचे नाही बरं का, त्यांचा पगार शटडाऊनमध्येही चालूच असतो.